वर्गात माझ्या मुलाला 'ग्रिंगो' म्हणतात

ताई, नमस्कार.

आम्ही मूळचे कराडचे. नवरा गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर आहे. आधी मेक्सिकोत केरेतारोला होतो, आता ब्राझीलमध्ये काम्पिनासला आलोय. मुलगा रोहन अकरा वर्षांचा आहे. शाळेत त्याला सगळी मुलं 'ग्रिंगो' म्हणतात. परवा मी स्वतः फाटकाशी ऐकलं. एक मुलगा लांबून 'ग्रिंगो!' असं ओरडला आणि रोहननं वळून त्याला हात केला. त्या रात्री मला झोप आली नाही. मेक्सिकोत हा शब्द अमेरिकन लोकांसाठी वापरायचे आणि पुष्कळदा रागानं. आम्हाला तिथे कुणी तसं म्हटलं नाही. इथे मात्र कारखान्यात नवरा 'ग्रिंगो' आणि बाजारात मी 'ग्रिंगा'. आम्ही गोरे नाही, अमेरिकन नाही, मग आम्हाला का? नवऱ्याचा एक सहकारी सांगतो की हिरव्या गणवेशातल्या अमेरिकन सैनिकांना लोक 'ग्रीन, गो' म्हणत, त्यावरून हा शब्द आला. म्हणजे 'चालते व्हा' असाच अर्थ झाला ना? नवरा म्हणतो, 'सोडून दे, हे लोक असेच.' रोहन म्हणतो, 'आई, तू शाळेत येऊ नकोस.' मी मुंबईला कॉलेजात होते तेव्हा मुली मला 'घाटी' म्हणायच्या, ते मी अजून विसरलेले नाही. शाळेत तक्रार करू का?

रोहनची आई, काम्पिनास

प्रिय रोहनच्या आई,

तक्रार आत्ता करू नका. हे आधीच सांगून टाकते, कारण पत्राचा सूर पाहता तुम्ही उद्या सकाळीच शाळेत जाऊन उभ्या राहाल असं वाटतं. शाळेत जायचं आहेच, पण वेगळ्या कामासाठी. त्याबद्दल पुढे लिहिते.

माझं बहुतेक आयुष्य स्पॅनिश आणि पोर्तुगीज शिकवण्यात गेलं. मेक्सिकोहून ब्राझीलला किंवा ब्राझीलहून मेक्सिकोला बदली होणाऱ्या आपल्या माणसांची ही गल्लत मी पुष्कळदा पाहिली आहे. शब्द तोच, कानाला ऐकूही जवळजवळ तसाच येतो, आणि माणूस एका देशातला त्याचा अर्थ दुसऱ्या देशात घेऊन जातो. तुमचं तेच झालंय. मेक्सिकोत तुमचा कान जसा तयार झाला, त्या कानानं तुम्ही ब्राझील ऐकताय.

मेक्सिकोत 'ग्रिंगो' म्हणजे अमेरिकेचा माणूस. तिथे या शब्दाला एक जुनी दुखरी बाजू आहे. 1846 ते 1848 या काळात अमेरिकेशी झालेल्या युद्धानंतर मेक्सिकोचा निम्म्याहून अधिक मुलूख गेल्याचं तिथलं प्रत्येक मूल शाळेत शिकतं. आजही नोकरीसाठी सीमा ओलांडणारे आणि तिथून परत पाठवले जाणारे लोक घरोघरी आहेत. जुलै 2025 मध्ये मेक्सिको सिटीच्या रोमा आणि कोंदेसा या भागांत घरभाडी वाढल्याबद्दल मोर्चा निघाला, त्यातही ग्रिंगोंनी निघून जावं असे फलक होते. डॉलरमध्ये कमावणारे येऊन राहतात आणि स्थानिकांना घर परवडत नाही, असा तो राग होता. तुम्ही ऐकलेला सूर खोटा नव्हता. मात्र तिथेही हा शब्द रोज रागानंच निघतो असं नाही. टाकोच्या गाडीवर चीज आणि मांस घातलेल्या, मैद्याच्या पोळीच्या एका प्रकाराला 'ग्रिंगा' म्हणतात, आणि तो मागवताना कुणाच्या मनात अमेरिकेचं वैर नसतं.

ब्राझीलला ती सीमा नाही आणि तो इतिहासही नाही. तिथे 'ग्रिंगु' (शेवटचा ओ ते उ सारखा म्हणतात) म्हणजे परदेशी माणूस. फ्रेंच असो, जपानी असो, शेजारचा अर्जेंटिनावाला असो, तोही ग्रिंगु. ब्राझीलची भाषा जिथून आली त्या पोर्तुगालचा माणूससुद्धा पुष्कळांच्या तोंडी ग्रिंगुच असतो. परदेशाला ते बोलताना 'ना ग्रिंगा' म्हणतात. एखाद्याचा भाऊ 'ना ग्रिंगा' राहतो म्हणजे परदेशात राहतो. फुटबॉलच्या बातम्यांत क्लबच्या परदेशी खेळाडूंना सर्रास ग्रिंगु म्हटलं जातं आणि त्यातले बहुतेक अर्जेंटिना, उरुग्वे, पॅराग्वे, कोलंबियाचे असतात. देयान पेटकोविच हा सर्बियाचा खेळाडू रिओच्या फ्लामेंगो क्लबकडून खेळायचा. 2001 च्या राज्य स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, शेवटची काही मिनिटं उरली असताना त्यानं फ्री किकवर गोल केला आणि विजेतेपद मिळवून दिलं. ते लोक त्याला 'पेट' म्हणतात आणि 'ग्रिंगु'ही म्हणतात, आणि फ्लामेंगोच्या चाहत्याच्या तोंडी त्या शब्दात निव्वळ माया असते. रोहन फुटबॉल खेळत असेल तर त्याला हे नाव विचारून बघा. बहुधा त्याला माहीत असेल.

'आम्ही गोरे नाही, मग आम्हाला का?' या प्रश्नाचं उत्तर यातच आलं. ब्राझीलमध्ये रंग पाहून ग्रिंगु ठरत नाही. तिथलेच निम्म्याहून अधिक लोक सावळे किंवा काळे आहेत. तुम्ही दोघं रस्त्यानं गप्प चालत गेलात तर कुणी मागे वळून बघणारही नाही. तोंड उघडलं की कळतं.

मुळात हा शब्द तोंड उघडण्यावरूनच आला आहे. तुमच्या यजमानांच्या सहकाऱ्यानं सांगितलेली हिरव्या गणवेशाची गोष्ट साऱ्या लॅटिन अमेरिकेत प्रसिद्ध आहे, पण ती खरी नाही. त्या युद्धात अमेरिकेच्या सैनिकांचा गणवेश निळा होता. शिवाय युद्धाच्या कितीतरी आधी, 1787 साली स्पेनमध्ये छापलेल्या एका कोशात हा शब्द सापडतो. एस्तेबान दे तेर्रेरोस या जेझुइट पाद्र्याचा तो कोश. त्यात म्हटलंय की मालागा शहरात ज्या परदेशी लोकांना त्यांच्या हेलामुळे सफाईनं आणि सहज स्पॅनिश बोलता येत नाही त्यांना ग्रिंगो म्हणतात, आणि माद्रिदमध्ये विशेषकरून आयरिश लोकांना. बऱ्याच अभ्यासकांच्या मते तो 'ग्रीक' या अर्थाच्या स्पॅनिश शब्दावरून निघाला असावा. न कळणाऱ्या बोलण्याला ते 'ग्रीक बोलणं' म्हणत. 'चालते व्हा' असा अर्थ त्यात कधीच नव्हता. हे यजमानांच्या त्या सहकाऱ्यालाही सांगा, कारण ही गोष्ट तो पुढच्या नव्या माणसालाही सांगणार.

इतरत्र या शब्दाची आणखी वेगळी रूपं आहेत. पेरूमध्ये गोऱ्या वर्णाच्या कुणालाही ग्रिंगो म्हणतात, मग तो तिथलाच का असेना. अर्जेंटिनात सांता फे आणि कोर्दोबाच्या सपाट शेतमुलखाला 'ग्रिंगोंचा पांपा' असंच नाव पडलंय, कारण तिथे इटलीहून आलेली शेतकरी कुटुंबं वसली. मँचेस्टर युनायटेडकडून खेळलेला गाब्रिएल हाइन्झे अर्जेंटिनातच जन्मला आणि वाढला, तरी त्याचं टोपणनाव 'एल ग्रिंगो'. तुमच्या ब्राझीलच्याच दक्षिण टोकाला, रिओ ग्रांदे दो सुल राज्यात, 1875 नंतर आलेल्या इटालियनांच्या पणतवंडांनाही ग्रिंगु म्हणतात, आणि ते स्वतःही अभिमानानं म्हणवून घेतात. पोर्तुगालात मात्र इंग्रज पर्यटकाला 'कामोन' (इंग्रजी 'कम ऑन'वरून) म्हणण्याची जुनी रीत आहे.

पोर्तुगालचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगून ठेवते. आपल्या वर्णाच्या, आपल्या भागातून गेलेल्या माणसांसाठी पोर्तुगीज भाषेत खरोखरच एक घाण शब्द आहे, तो 'मोन्ये'. मोझांबिकमधल्या वसाहतीच्या काळापासून भारतीय वंशाच्या लोकांना तुच्छतेनं तसं म्हणत आले आहेत. गोव्याहून पोर्तुगालला गेलेल्या कुटुंबांना तो ठाऊक असतो. ब्राझीलमध्ये तो फारसा कुणाला माहीत नाही, पण उद्या यजमानांची बदली लिस्बनला झाली आणि तो कानावर पडला तर कृपा करून गप्प बसू नका. त्या शब्दाला मायेचा सूर नाही.

आता तुमच्या पत्रातल्या त्या ओळीकडे येते. 'घाटी'. ती मी दोनदा वाचली. घाटावरचा माणूस, एवढाच त्याचा अर्थ. पण मुंबईत आणि गोव्यातही तो शब्द ज्या तोंडानं उच्चारला जातो त्याची आच ज्याला लागली आहे त्यालाच कळते. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी, नव्या शहरात, आपल्या बोलण्याला हसणाऱ्या मुलींमध्ये तुम्ही एकट्या होता. शाळेच्या फाटकाशी रोहनला हाक आली तेव्हा ती तुम्हाला त्या मुलींच्या आवाजात ऐकू आली असणार. तुमची झोप उडाली याचं मला नवल वाटत नाही. मात्र त्या क्षणी रोहननं हात केला होता. तुम्ही कधी त्या मुलींना हात केला होतात का? नसेल केला. तुमचा अनुभव आणि त्याचा अनुभव एकच आहेत असं धरून चालू नका. ते कदाचित एक नसतील, आणि ते फक्त तोच सांगू शकेल.

तेव्हा त्याला विचारा, पण 'ते तुझा अपमान करतात का?' असं नको. त्या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं आहे, आणि तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून तो 'नाही' म्हणेल. मधल्या सुट्टीत काय खेळता, संघात कोण कोण असतं, डबा खाताना शेजारी कोण बसतं, हे विचारा. अकरा वर्षांचं मूल अपमानाबद्दल बोलत नाही, पण मधल्या सुट्टीबद्दल बोलतं. 'पासा आ बोला, ग्रिंगु!' म्हणजे 'ए ग्रिंगो, बॉल पास कर!' असं ओरडून त्याला बॉल मिळत असेल, तर ती खेळात घेतल्याची हाक आहे. त्याच शब्दानंतर बॉल दुसरीकडे जात असेल, तर मात्र लक्ष घालायला हवं. वाढदिवसाची आमंत्रणं येतात का तेही पाहा. ब्राझीलमध्ये मुलांचे वाढदिवस ही मोठी गोष्ट असते; ब्रिगादेरु आणि कोशिन्या खायला अख्खा वर्ग बोलावतात. वर्गात सगळ्यांना बोलावणं आणि एकट्या रोहनला नाही, असं झालं तर ते 'ग्रिंगो' या शब्दापेक्षा कितीतरी वाईट.

'ग्रिंगिन्यु' असंही कुणी म्हणत असेल. 'इन्यु' हा प्रत्यय आपल्या 'बाळ्या', 'छोट्या'सारखा लाडाचा. बाईंच्या तोंडून किंवा मित्राच्या आजीकडून ते ऐकलंत तर समजा, तो त्या घरात आवडता आहे.

ब्राझीलमध्ये टोपणनावाची सवय फार खोल आहे. देशाच्या राष्ट्राध्यक्षांना सगळं जग 'लुला' म्हणून ओळखतं, तेही मुळात टोपणनावच. शाळेत जाड्या मुलाला जाड्या म्हणतात, सोनेरी केसांच्या मुलाला 'आलेमाऊं' म्हणजे जर्मन म्हणतात, मग त्याचा जर्मनीशी संबंध असो वा नसो. कुणाचे आजोबा जपानी असतील तर तो 'जापा'. मला स्वतःला हे सगळंच पटत नाही. माणसाच्या अंगावरची एखादी गोष्ट उचलून तेच त्याचं नाव करायचं, यात ज्याला नाव पडतं त्याला कुणी विचारत नाही. पेलेचंच बघा. त्याचं खरं नाव एडसन, एडिसन या शास्त्रज्ञाच्या नावावरून ठेवलेलं, आणि त्याला ते फार आवडायचं. शाळेतल्या एका मुलानं 'पेले' म्हणून चिडवायला सुरुवात केली तेव्हा तो त्याच्याशी मारामारीवर आला होता, हे त्यानं पुढे स्वतः सांगितलं. नंतर जगानं त्या नावाला डोक्यावर घेतलं ती गोष्ट वेगळी. पण त्या वयात त्याला ते नको होतं, आणि नको म्हणण्याचा त्याला हक्क होता.

म्हणून रोहनला दुसरा प्रश्न विचारायचा तो हा: 'तुला कुठल्या नावानं हाक मारलेली आवडेल?' तो 'ग्रिंगु चालतं' म्हणाला तर मान्य करा, तुम्हाला कितीही टोचलं तरी. तो 'रोहन' म्हणाला तर त्याला मदत लागेल, कारण अडचण खरी आहे. ब्राझिली पोर्तुगीजमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा र हा ह सारखा उच्चारतात. रिओला ते 'हिउ' म्हणतात. मधला ह त्यांच्याकडे उच्चारतच नाहीत, आणि शेवटचा न नाकात जातो. त्यामुळे हजेरीच्या यादीत 'रोहन' लिहिलं असलं तरी बाई वाचतात 'होआँ'. हे ऐकून पोरगं ओशाळतं, बाकीचे हसतात, आणि मग ग्रिंगु म्हणणं सगळ्यांनाच सोपं वाटतं. मला वाटतं, तुमच्या घरी झालंय ते बहुतेक एवढंच.

याला उपाय आहे. आपला र त्यांना येत नाही असं नाही. दोन स्वरांच्या मधला एकटा र ते अगदी आपल्यासारखाच म्हणतात. 'महाग' या अर्थाचा 'कारु' हा शब्द त्यांच्या रोजच्या तोंडात आहे. रोहननं मित्रांना सांगायचं, 'कारु' मधला र घ्या आणि तो पुढे आणा. मुलांना असले खेळ आवडतात. अर्ध्या सुट्टीत जमून जाईल. ते मित्र 'रोआन' म्हणाले तर तेवढ्यावर खूश व्हा. तेही त्याचंच नाव आहे.

शाळेत जायचं ते याच कामासाठी. तक्रारीचा कागद नको. 'कोऑर्देनादोरा' म्हणून ज्या बाई असतात त्यांची वेळ घ्या. मुलं आणि शिक्षक यांच्यातलं कामकाज त्या बघतात. त्यांना सांगा की मुलाचं नाव असं उच्चारतात, वर्गातल्या शिक्षकांना कळवा. 'उ नोमी देली ए रोहन', त्याचं नाव रोहन आहे, एवढं वाक्य पाठ करून जा आणि स्वतःच्या तोंडानं म्हणा, दुभाषा नको. शिक्षकांनी हजेरीला नीट नाव घेतलं की मुलं आपसूक घेतात. आणि जाण्याआधी रोहनला सांगा की मी तुझ्या मित्रांबद्दल एक शब्द बोलणार नाही, फक्त नावाबद्दल बोलणार आहे. त्याला तुम्ही यायला नको आहात ते बहुधा याच भीतीनं: आई येईल, रडेल किंवा रागावेल, आणि जे मित्र आत्ता कुठे मिळालेत ते जातील. ती भीती बिनबुडाची नाही, तिचा मान ठेवा.

यजमानांबद्दलही थोडं लिहिते, कारण 'सोडून दे' हे त्यांचं उत्तर मला अर्धवट वाटतं. कारखान्यात पहिले काही आठवडे कुणी ग्रिंगु म्हटलं तर ते साहजिक आहे. पण रोज शेजारी बसून काम करणारा माणूस वर्ष होत आल्यावरही तेच म्हणत असेल, आणि मीटिंगमध्ये 'ग्रिंगुला विचारा' असंच चालत असेल, तर हसत हसत पण स्पष्टपणे नाव सांगायची वेळ आली. ब्राझीलच्या ऑफिसांत आणि कारखान्यांत साहेबालासुद्धा पहिल्या नावानं हाक मारतात, आडनाव कागदावरच राहतं. तिथे नाव घेणं हा मोठा मान नाही, ती किमान गोष्ट आहे, आणि ती त्यांनी मागून घ्यावी. त्यांनी मागितली तर रोहनलाही ती मागता येईल. वडील गप्प बसतात आणि आई रात्रभर जागते, यातून मुलगा एवढंच शिकतो की या विषयावर घरात बोलायचं नाही.

आणि 'हे लोक असेच' हे वाक्य. जेवताना ते रोहनच्या कानावर पडत असेलच. त्याला ज्यांच्याशी खेळायचंय, ज्यांची भाषा तो तुमच्या दोघांपेक्षा लवकर शिकणार आहे, त्यांच्याबद्दल घरात 'हे लोक' असं बोललं जात असेल तर त्याच्या मनात एक भिंत तुम्हीच उभी करताय. शेजाऱ्यांची नावं घ्या. वॉचमनचं नाव विचारून घ्या, भाजीवाल्याचं विचारा. ब्राझीलमध्ये वयानं मोठ्या माणसाला 'सेउ' आणि बाईला 'दोना' लावून पुढे नाव घेतात, आपल्या 'काका-काकू'च्या जवळ जाणारं. 'सेउ झोझे', 'दोना मारिया' असं तुम्ही म्हणू लागलात की समोरूनही तुमचं नाव विचारलं जातं. बहुतेक वेळा आधी त्यांनाच ते विचारायचं असतं, पण चुकीचं उच्चारू या संकोचानं ते विचारत नाहीत.

बाजारात तुम्हाला 'ग्रिंगा' म्हणतात, त्याबद्दल. केरेतारोच्या मंडईत तुम्हाला 'ग्वेरीता' अशी हाक आली असेल. गोरी, गोरटी असा त्याचा अर्थ, आणि तिथले भाजीवाले काळ्यासावळ्या गिऱ्हाइकालाही तेच म्हणतात. ते तुम्हाला खटकलं नसेल, उलट बरंच वाटलं असेल. काम्पिनासच्या आठवडी बाजारातली 'ग्रिंगा' त्याहून फार वेगळी नाही. फक्त भावाकडे लक्ष ठेवा, कारण परदेशी माणूस दिसला की दर चढवणारे सगळ्या देशांत असतात. गाड्यावरच्या पाटीवर लिहिलेला दर आधी वाचा आणि मग तोंड उघडा. दुपारी बाजार उठताना जा, तेव्हा उरलेला माल स्वस्तात काढतात, त्याला 'शेपा' म्हणतात. नियमित जाणाऱ्या बाईला ते 'फ्रेगेझा' म्हणतात, म्हणजे नेहमीचं गिऱ्हाईक. ती हाक तुम्हालाही मिळेल.

आणखी एक गोष्ट मी मुद्दाम लिहिते, ती थोडी कडू आहे. ब्राझीलमध्ये 'ग्रिंगु' या शब्दामागे बरेचदा अशी समजूत असते की हा माणूस चांगल्या नोकरीवर आलेला, पैसेवाला आहे. साओ पाउलोच्या शिलाई कारखान्यांत राबणाऱ्या बोलिव्हियाच्या बायकांना, किंवा 2010 च्या भूकंपानंतर हैतीहून आलेल्या मजुरांना फार क्वचित कुणी ग्रिंगु म्हणतं. त्यांना 'बोलिव्हियानु', 'हाइतियानु' म्हणतात, आणि त्या साध्या देशवाचक शब्दांतच कधीकधी असा सूर असतो की ऐकवत नाही. तिथे कोशात पाहून काही कळणार नाही, आवाजच ऐकावा लागतो. रोहनच्या वर्गात असं कुणी मूल असेल तर त्याला कशी हाक मारतात तेही रोहनला विचारा. त्याची बाजू घ्यायला तो शिकला तर मला तुमच्या पत्राचं सार्थक झाल्यासारखं वाटेल.

आता तक्रार कधी करायची. 'व्होल्ता प्रा सुआ तेहा', म्हणजे 'तुझ्या देशात परत जा', हे वाक्य कुणी म्हटलं तर. ग्रिंगु या शब्दाला शिवी जोडली, त्याच्या रंगावरून, वासावरून, डब्यावरून किंवा देवावरून बोललं गेलं, दप्तर लपवलं, व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढून टाकलं, तर. किंवा त्यानं 'मला असं म्हणू नका' असं स्पष्ट सांगूनही मुद्दाम चालू ठेवलं तर. त्या वेळी मागे हटू नका, कायदा तुमच्या बाजूनं आहे. वंश, रंग, धर्म यांच्याबरोबर माणूस कुठल्या देशाचा यावरून भेदभाव करणं हा ब्राझीलमध्ये 1989 च्या कायद्यानं गुन्हा आहे. शाळेतल्या छळाविरुद्ध 2015 चा कायदा आहे, तो रोखण्याची जबाबदारी शाळेवर टाकतो. 2017 चा स्थलांतरितांचा कायदा परदेशी माणसांच्या द्वेषाला विरोध हे देशाचं धोरण म्हणून सांगतो. आधी कोऑर्देनादोराकडे लेखी द्या, तारीख घाला, काय झालं ते मुलाच्याच शब्दांत लिहा, स्वतःकडे प्रत ठेवा. व्हॉट्सॲपवरचं असेल तर स्क्रीनशॉट काढून ठेवा. शाळेनं दाद दिली नाही तर 100 या क्रमांकावर मानवी हक्कांची सरकारी हेल्पलाइन आहे. त्या भेटीला यजमानांना बरोबर न्या, तुम्ही एकट्या जाऊ नका.

तोपर्यंत या आठवड्यात दोन कामं करा: रोहनशी मधल्या सुट्टीबद्दल बोला आणि कोऑर्देनादोराची वेळ घ्या. पुढच्या पत्रात तो स्वतःचं कुठलं नाव सांगतोय तेही लिहा.

तुमची ताई